बाबांच्या अक्षरात

(यवतमाळचं एक कॉलेज. तक्रार समितीच्या खोलीबाहेरचा बाक. उर्वशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तिचे वडील पंजाबराव मांडीवर कागद धरून तिचा अर्ज लिहितायत.)

उर्वशी : लिहा बाबा. ‘इंद्रजित आणि मी दीड वर्षापासून एकमेकांवर प्रेम करत होतो.’

पंजाबराव : हे नाई लिहत मी.

उर्वशी : काहून?

पंजाबराव : ‘वर्गातला पोरगा’ म्हनू. तेवढ्यानं भागते. आपल्या ढाणकीत कोनाच्या कानावर गेलं त...

उर्वशी : त्याच्या मोबाइलमंदी माये सगळे मेसेज हायत. लपवलं त मीच खोटी पडीन. आन् आवडत होता तो मले, खरंच. म्हनून काय हात मोडायचा हक्क भेटला त्याले?

पंजाबराव : लिहिलं. पुढं?

उर्वशी : ‘पहिल्यांदा त्याने जानेवारीत मारलं. ग्रुपच्या फोटोत मी दुसऱ्या मुलाशेजारी उभी होते म्हणून.’

पंजाबराव : जानेवारीत त तू घरी आलती. गाल सुजला होता. दाढ दुखते म्हने. तुया मायनं लवंग देली.

उर्वशी : हो.

पंजाबराव : मले काहून नाई सांगतलं?

उर्वशी : तुमी कॉलेज बंद केलं असतं. नसतं केलं?

पंजाबराव : केलं असतं. आजबी तेच ठरवून निंगालो घरून. तुयं सामान न्यायले आलो मी.

उर्वशी : मारलं त्यानं, आन् घरी बसू मी? दोन सेमिस्टर राह्यले माये. मी कुठं नाई जात.

पंजाबराव : त्यानं पुन्हा वाट अडवली त?

उर्वशी : म्हनून त अर्ज. इथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊ. शाल्मली येते संगं, मायी रूममेट. हात मोडला त्या दिवशी ती तिथंच होती, तिनं पाह्यलं सारं. लिहा. ‘या महिन्याच्या आठ तारखेला मी त्याला सांगितलं, मला हे नातं ठेवायचं नाही. त्याने माझा हात पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.’

पंजाबराव : थांब जरासक.

उर्वशी : पानी देऊ, बाबा?

पंजाबराव : नोको. ‘...आवाज मला ऐकू आला.’ झालं.

उर्वशी : मंग आता काय लिहून राह्यले?

पंजाबराव : ‘माझी मुलगी इथेच शिकेल. पालक, पंजाबराव.’

उर्वशी : अर्जात हे नाई लागत, बाबा.

पंजाबराव : राहू दे. मले लागते.