अर्ध्या मिरच्या

लालबागला मसाला कुटायच्या रांगेत माझ्या पुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. एक साठीची, दुसरी तिशीतली.

"मधुरा, तू घरी जा. तुझा मसाला मी कुटून आणते."

"नको काकी. आपला मसाला आपल्यासमोरच कुटलेला बरा."

"पोरं वाट बघत असतील गो."

"त्यांचे बाबा आहेत घरी. इथे मिरचीचा ठसका लागतो, म्हणून कोणी माझ्या मागे येत नाही."

"मग बस त्या स्टुलावर."

"बसतेच. चहा पण सांगितलाय. आज गरम पिणार."

"आणि पिशवी एवढीशीच? दरवर्षी दोन भरून आणतेस."

"अर्ध्याच मिरच्या आणल्यात, काकी. उरलेल्या पुढच्या रविवारी."