मुकं लाकूड

म्हातारा : ओलं आहे. गाडी मागे वळव.

लाकूडवाला : दोनच तुकडे वाजवलेत तुम्ही. गाडीत तीनशे आहेत.

म्हातारा : दोन पुरतात. चाळीस वर्षं ही भट्टी पेटवतोय मी. सुकं लाकूड लाकडावर आपटलं की टणकन वाजतं, ओलं धप्प करतं. हे धप्प करतंय.

लाकूडवाला : दादा, आठवड्यात तिसऱ्यांदा गाडी आणलीय. पहिली परत धाडलीत, गप्प बसलो. दुसरी धाडलीत, तेव्हाही तोंडातून ब्र काढला नाही. आज मात्र मी इथून हलणार नाही. दोन उन्हाळे हे लाकूड माझ्या पत्र्याखाली पडलंय. टोकं बघा कशी तडकलीत. साल तर नुसता हात लावला तरी सुटतेय.

म्हातारा : तडे काय, चार दिवस उन्हात टाकलं तरी पडतात. पाणी आत असतं.

लेक : बाबा, भट्टी भरून आज पाचवा दिवस. तोंड लिंपून झालंय. साडेचारशे बरण्या आत बसल्यात, दोन महिने चाकावर वाकून केलेल्या. रविवारी माणूस न्यायला येतोय. आज पेटवली नाही तर त्याला काय दाखवू, कच्ची माती?

म्हातारा : आणि ओल्या लाकडावर पेटवलीस तर? धूर कोंडेल, आच चढणार नाही, सगळ्या बरण्या काळ्याठिक्कर निघतील. मग त्या दाखव.

लेक : म्हणजे लाकूड नापास करायचं काम तुमचं आणि बोलणी खायचं माझं.

लाकूडवाला : आणि बदनामी माझी. चौकात काय सांगत सुटलात तुम्ही? मी पाणी मारून लाकडाचं वजन वाढवतो? काल बेकरीवाल्यानं मला दारातून परत पाठवलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक ते. म्हणाला, भट्टीवाल्या दादांचा कान कधी चुकत नाही.

म्हातारा : खरं तेच बोलला.

लाकूडवाला : माझ्या बापानं तुमच्या बापाला लाकूड घातलं. मी मिसरूड फुटल्यापासून तुम्हाला घालतोय. आणि आता म्हातारपणी पाण्याची बादली घेऊन लाकडं भिजवत बसेन?

म्हातारा : माणूस बदलतो.

लेक : मामा, जरा थांबा. बाबा, हे दोन तुकडे वाजवून बघा. शेवटचे. हेही ओले निघाले तर मी एक शब्द बोलणार नाही.

म्हातारा : तेच ते किती वेळा करायचं? आण इकडे.

(तो दोन्ही तुकडे एकमेकांवर आपटतो. आवाज फाटकापर्यंत जाईल इतका खणखणीत येतो.)

म्हातारा : ऐकलंत? हे तर आधीच्याहून ओलं. यावर चहाचं आधणसुद्धा यायचं नाही.

लेक : हे मामांच्या गाडीतलं नाही.

म्हातारा : मग कुठलं?

लेक : आपल्या माळ्यावरचं. आई होती तेव्हा तुम्हीच वाजवून निवडलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून. सहा वर्षं वाळतंय. टोकाला तुमच्या हातची खडूची खूण आहे. बघा ना.

म्हातारा : तू मला फसवलंस. परक्या माणसासमोर.

लाकूडवाला : घ्या. आता परकाही झालो.

लेक : हो, फसवलं. सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? गेल्या महिन्यात किटली जळून गेली. शिट्टी मारून मारून दमली ती, आणि तुम्ही दोन हातांवर बसला होतात.

म्हातारा : पेपर वाचत होतो.

लेक : दाराची घंटा वाजते, तुम्ही मान वर करत नाही. बोलणं येतं तुम्हाला ऐकू, जाड आवाज येतो. बारीक, टणक आवाज येत नाही. महिनाभर मला संशय होता आणि तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. माझ्यामुळे या माणसाला तीन खेपा पडल्या. तुमच्यापेक्षा माझाच राग येतोय मला.

म्हातारा : पुन्हा वाजव. तू वाजव.

लेक : वाजवलं.

म्हातारा : जोरात.

लेक : जोरातच वाजवलं, बाबा.

म्हातारा : वर्षभर आवाज मंद होत होता. मला वाटलं, लाकडंच मुकी झालीत. हल्लीची झाडंच तशी, असं धरून चाललो होतो.

लाकूडवाला : लाकडं मुकी, झाडं वाईट, मी चोर. तुमचा कान सोडून जगात सगळं बिघडलं होतं.

लेक : मामा, पुरे आता.

लाकूडवाला : पुरे कसं? मला वाईट वाटत नाही असं नाही, पोरी. पण जे चौकात बोलले ते चौकातच मागे घ्यायला हवं. इथं अंगणात घेतलेलं मला चालायचं नाही.

म्हातारा : चौकातच घेईन. आधी बेकरीवाल्याकडे जाऊ. तू बरोबर चल.

लाकूडवाला : येईन. मग गाडी रिकामी करू?

म्हातारा : थांब. तपासल्याशिवाय माझ्या भट्टीत काही जात नाही.

लेक : बाबा, आता पुन्हा सुरू नका करू.

म्हातारा : ओरडू नकोस, तेवढं येतं ऐकू. कुऱ्हाड कुठाय? तुझी आई ओंडका फोडून आतली बाजू गालाला लावायची. गार लागलं तर ओलं. तीस वर्षं हसलो मी तिला. म्हणायचो, लाकूड आहे की लेकरू?

लाकूडवाला : द्या ती कुऱ्हाड, मी फोडतो. तुमच्या हातात द्यायची आता भीतीच वाटते. हं, धरा. माझ्या गाडीतलंच आहे, नीट बघून घ्या.

लेक : काय लागतंय, बाबा?

म्हातारा : गार नाही लागत. गाडी आत घे.