व्याही, राष्ट्राध्यक्ष आणि टिश्यूचं पाकीट

नाही पण मी म्हणतो, अमेरिकेचा कुठला राष्ट्राध्यक्ष प्रामाणिक आणि कुठला लबाड, याचा निकाल सिंगापुरात, हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे टपऱ्यांच्या जेवणघरात, भर दुपारी, माझ्याच पोरीच्या लग्नापायी लागायचा होता का? तुम्हाला सांगतो, आमच्या क्षिप्राने आणि त्या निहारने परस्पर ठरवलेलं, फक्त निहारच्या वडिलांनी, शिवदासरावांनी, मला भेटून 'हो' म्हणायचं बाकी... आणि या गृहस्थांना वेड कसलं, तर अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं! एकच पालुपद, "कर्तबगारी नंतर बघू हो, माणूस स्वतः स्वच्छ हवा!"

बरं, रविवार, मुंगी शिरायला जागा नाही, व्याही ताटकळत उभे! एक टेबल रिकामं, पण वर टिश्यूचं पाकीट. आता इथे पाकीट ठेवलं म्हणजे टेबल धरलं, माणूस जेवण आणायला गेलाय, हे शेंबडं पोरही जाणतं... पण व्याही उभे हो! उचललं, खिशात घातलं, म्हटलं, "या, बसा, तुमच्यासाठीच धरून ठेवलंय!"

क्षिप्राने लक्सा, म्हणजे नारळाच्या तिखट रश्शातल्या शेवया, आणल्या आणि शिवदासराव झाले सुरू! "ग्रँट? स्वतः सरळ, पण गोतावळा लुटारू!" मी म्हटलं, "हार्डिंगचं तेच, दोस्तांनी बुडवला!" आठवडाभर पाठ करत होतो, काय समजलात! "आणि कार्टर?" "अहो, पदावर येताना शेंगदाण्याचा धंदा विश्वस्तांच्या हवाली!" शिवदासराव खुलले, त्या झणझणीत लक्साने घामाघूम झाले, मी ऐटीत एक टिश्यू काढून दिला... "वा! आणि निक्सन?" मी टेबलावर मूठ आपटली, "चूक एक वेळ माफ, पण लपवाछपवी? छे! माणूस स्वतः स्वच्छ हवा!"

तेवढ्यात हातात ट्रे घेऊन एक चिनी आजीबाई हजर, इथल्या खास इंग्रजीत विचारतात, "माय टिश्यू वेअर आह?"

"वाऱ्याने उडालं असेल, आंटी," मी म्हटलं. वारा! सिंगापुरात! भर दुपारी! व्याही हातातल्या टिश्यूकडे बघतायत... आणि माझी पोटची पोरगी म्हणते, "पपा, डोन्ट लाय लाह! आंटी, माय पपा टूक इट, सॉरी आह." म्हणाली आणि उठून आजीबाईंना जागा दिली!

म्हटलं, संपलं, मोडलं लग्न! शिवदासराव उठले, हात जोडले... मला नाही, क्षिप्राला. "मुलगी पसंत आहे."

परवा साखरपुड्याचं बोलायला पुन्हा तिथेच भेटलो. टेबल त्यांनीच आधी येऊन धरलेलं. मी म्हटलं, "तुम्ही जेवण घेऊन या, मी बसतो की इथे." गेले हो... पण जाताना टेबलावरचं टिश्यूचं पाकीट खिशात घालून गेले!