आंबागडावरची ओढणी

आयका बायांनो, बरोबर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही आंबागड चढायला लागलो. तीन वर्षांची परी कुठं पडेल, या भीतीनं मी ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला अन् दुसरं माझ्या हाताला बांधलं.

नवरा हसला. "काहून बांधून राहिली? पोरगी हाय का बकरी?"

वर पोचल्यावर हाच फोटो काढत मागं मागं सरकत पडक्या बुरुजाच्या काठाशी गेला. माझा तर जीवच उडाला! हात धरून ओढला, अन् परीची ओढणी सोडून त्याच्याच कमरेला बांधली. परी सांगितल्या जागी बसून खिदळत होती.

मोहफुलं वेचून चाललेली एक मावशी थबकली. "वो बाई, लेकरू मोकळं अन् नवरा बांधलेला?"

"लेकरू आयकते, मावशी!"

गडावर जाणाऱ्या साऱ्या बायांले सांगजा, ओढणी लांबच घ्या म्हणा.