राजाची खुर्ची आणि माझं बोट

…आणि भेटेल तो वर मलाच विचारतो, "काय मग, परदेशात काय काय पाहिलंत?" काय पाहिलं! अहो, राजवाडे पाहिले, मनोरे पाहिले, ज्यांची डोकी उडवली त्यांचे पुतळे पाहिले, ज्यांनी उडवली त्यांचेही पाहिले, आणि शेवटी एका एवढ्याशा खोलीत, टीव्हीवर, मी मलाच पाहिलं! तेव्हापासून दाढी करताना आरशात नजर वर होत नाही… खरंच सांगतो.

त्याचं असं झालं, लेक आमची तिकडे नोकरीला. तिला सुट्टी नाही, म्हणून आम्हा दोघांची, म्हणजे माझी नि हिची, राजवाड्याची तिकिटं काढून दिली आणि दारात बजावलं, "बाबा, तिथे कशालाही हात लावू नका हं!" मी म्हटलं, "अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी, परक्यांच्या घरात वावरलोय, कुणाच्या वस्तूला कधी बोट लावलं नाही!

आता राजवाडा म्हणजे काय, नुसतं चालायचं! या दालनातून त्या दालनात, पायात जावयानं घेतलेले नवे कोरे बूट, ते चावतायत, गळ्यात ते दालनांची माहिती सांगणारं बोलकं यंत्र, त्याचं मी भलतंच बटण दाबलेलं, म्हणजे मी उभा राणीच्या पलंगापाशी आणि ते माझ्या कानात सांगतंय की या कढईत एका वेळी तीनशे माणसांचं जेवण व्हायचं!

सत्ताविसाव्या दालनात ती खुर्ची. खुद्द राजाची! भोवती दोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. लोक वरचं सोनं बघतायत आणि मी बघतोय खुर्चीचा मागचा डावा पाय. म्हटलं, "अगं, हा पाय मूळचा नाही. लाकडाच्या रेषा बघ, नंतर बसवलाय." ही म्हणते, "असेल. चला." "अगं, पण सांधा ढिला वाटतोय." "राजा कधीच गेला, तुम्हाला काय करायचंय? चला!"

आता मला सांगा, खुर्ची डुगडुगते की नाही हे बसल्याशिवाय कळणार कसं? बसलो! बघू नका हो असं माझ्याकडे! बरं, खरं सांगतो… सांध्याचं नुसतं निमित्त. पाय दुखत होते. दोर ओलांडला, टेकलो, 'आई गं' म्हणून दोन्ही पाय पसरले. ही माझी बाही ओढतेय, "उठा! अहो, उठा!" आणि मी म्हणतोय, "थांब गं, हे बघ, डुगडुगतेय," आणि वर दोनदा हलून दाखवतोय!

आणि वाजला भोंगा! असा वाजला म्हणता, मी थेट दोराबाहेर! या वयात! पण हिच्या हातातून बाही सुटली, तोल गेला, आणि हिचा हात पडला नेमका खुर्चीवर. तेवढ्यात पहारेकरीणबाई हजर. चांगली ताडमाड उंच, कमरेला किल्ल्यांचा झुबका. तिनं विचारलं, "कोण?" म्हणजे तिच्या भाषेत विचारलं, पण अहो, तसा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. पन्नास माणसं बघतायत… आणि माझं बोट, हे, हे बोट… वर झालं आणि हिच्याकडे गेलं.

बघू नका हो असं! मी नाही केलं, बोटानं केलं… असं मी स्वतःला अजून सांगतोय.

हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पर्स खांद्याला लावली आणि निघाली बाईच्या मागे. मुलूख अनोळखी, भाषा येत नाही, खाली मान घालून चाललीय, आणि मागून मी. का गेलो? सोबत द्यायला म्हणता? अहो, बाहेर पडायचा रस्ताच सापडेना!

खोलीत एक टेबल, चहाची किटली, चार टीव्ही. बाई कागदावर लिहायला लागली, आणि ही हात जोडून म्हणते, "सॉरी, सॉरी." बसलो मी आणि सॉरी ही! म्हटलं, आता बोलावं… आता तरी बोलावं… आणि बाईनं बटण दाबलं.

राजाच्या खुर्चीत मी! पाय पसरून! ही ओढतेय, मी हलतोय, मग उडी, मग बोट. तिथं बाईनं चित्र थांबवलं. टीव्हीवर बोट किती मोठं दिसतं हो! बाईनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग लिहिलेलं सगळं खोडलं. हिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला? मला ठेवलं उभं!

"मी… मी बसलो," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "ही नाही."

बाई म्हणाली, "दिसतंय."

बघू नका ना! सही घेतली, समज दिली, सोडलं. तरी माझी खोड बघा, निघताना म्हटलंच, "तो मागचा डावा पाय…" तिनं दार उघडून धरलं.

परतीच्या बसमध्ये ही खिडकीला, मी शेजारी. मध्ये ते बोट, त्याचं काय करावं कळेना, शेवटी खिशात घातलं. धीर केला, हळूच म्हटलं, "चुकलं माझं." अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

ही बाहेर बघत म्हणाली, "काय? बसचा आवाज आहे फार."

"चुकलं म्हटलं."

"जरा मोठ्यानं."

म्हटलं, इथं आपली भाषा कुणाच्या बापाला कळतेय! उभा राहिलो, दांडा धरला आणि ओरडलो, "चुकलं माझं! बसलो मी आणि नाव तुझं घेतलं! भित्रा आहे मी!"

तर मागच्या बाकावरून अस्सल मराठीत आवाज आला, "काका, आता नीट ऐकू आलं हो!"

…आणि उतरायला अजून अकरा थांबे होते.