मगर वाढवायची सोय

(दूर दक्षिणेतल्या वेलचेरीतलं एक घर. नवरा-बायको आणि खालच्या मजल्यावरची ऊर्मी कॉम्प्युटरसमोर.)

विजयलक्ष्मी : ...आणि शेजारचे नारायणस्वामी शेअर ऑटोत म्हणाले, "तुमची मगर इंटरनेटवर नऊच फुटांची आहे." ऑटोतले अस्के, सगळेच्या सगळे हसले. तेव्हापासून हे धड जेवले नाहीत गं.

राघोत्तम : जेवलो. भात दोनदाच घेतला, एवढंच.

ऊर्मी : पण आजोबा, नऊ फूट तुम्हीच सांगितलंत. मी तेच तुमच्या गोष्टींच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं.

राघोत्तम : तेव्हा होती नऊ. पुरात मी तिच्या पाठीवर बसून रेशन आणलं, त्याला किती दिवस झाले? जनावर वाढणार की नाही? आता वीस आहे. इंटरनेटवरची गोष्ट हवी तेव्हा बदलता येते, असं तूच बोललीस.

ऊर्मी : येतेच. पण पान बदलायचं माझं सॉफ्टवेअर सिरुसेरीच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. तो जमा करून रविवारी मी पुण्याला चालले, कायमची. म्हणून तर तुमच्या कॉम्प्युटरवर फुकटातली दोन टाकून दिली. निवडलंत का?

विजयलक्ष्मी : फुकट कोण देतं बाई? काही खोट असेल.

ऊर्मी : खोट नाही, आजी. ठिकठिकाणची माणसं मिळून बनवतात आणि वाटतात. ज्याला जमेल त्यानं भर घालायची.

राघोत्तम : म्हणजे माझ्या गोष्टींसारखंच. पण ते पहिलं नको. त्यात गोष्ट कमी, कंस जास्त.

विजयलक्ष्मी : यांनी कंस पुसले. रेल्वेत तारा पाठवण्यात जन्म गेला ना, जादा खूण दिसली की हात शिवशिवतात.

ऊर्मी : अहो, त्या कंसांवर तर पान उभं असतं.

राघोत्तम : कळलं. मगर एका कोपऱ्यात, शेपटी दुसऱ्यात. दुसरं सॉफ्टवेअर मात्र गुणी. पान दिसतं तसंच समोर येतं. मी नऊ पुसलं, वीस लिहिलं. मगर कुरकुरलीसुद्धा नाही.

विजयलक्ष्मी : मी पाहिलं की. इथं वीस, नारायणस्वामींकडे नऊ.

ऊर्मी : थांबा. लिहून झाल्यावर काय दाबलंत?

राघोत्तम : सेव्ह.

ऊर्मी : तरीच. सेव्ह केलं की मगर तुमच्या घरातच राहते. बाहेर सोडायची तर हे दुसरं बटण, पब्लिश. पत्ता, पासवर्ड मी भरलाय. दाबा.

राघोत्तम : झालं? तारेला यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

ऊर्मी : आता माझ्या लॅपटॉपवर बघा.

विजयलक्ष्मी : अय्यो, वीस. नारायणस्वामींना फोन लावते.

राघोत्तम : जरा थांब. पंचवीस करतो, मग लाव.

ऊर्मी : मग हेच ठेवायचं ना?

राघोत्तम : हेच. सॉफ्टवेअर मिळालं गं. पण तू गेल्यावर ऐकणार कोण? नारायणस्वामी तर फूटपट्टी घेऊन बसतो.

ऊर्मी : मी रोज सकाळी पान उघडीन. तुम्ही रोज वीतभर वाढवा. एखाद्या दिवशी वाढली नाही, तर माझा फोन आलाच समजा.

राघोत्तम : सरी, चालेल. पण वाढवू कुठवर?

ऊर्मी : शेपटी वेलचेरीतच राहू दे. तोंड पुण्याला पोचलं की सांगा, मी दार उघडीन.