बारापर्यंतची फुलं

नाही हो, बाग दाखवायला माझी ना नाही — मुरबाडचे शेतकरी आणा, शहापूरचे आणा, बघू देत खरवईत व्हॅनिला कशी होते ते. फक्त त्यांना पुरतं सांगा. तुमच्या कंपनीच्या कागदावर सावली किती, पाणी किती, सगळं आहे. फूल हातानं फळवायचं, हे मात्र एका ओळीत उरकलंय. का हातानं? ज्या माशीनं ते करायचं ती राहिली तिकडे परदेशात, वेल तेवढी तुम्ही इकडे आणली. मग माशीचं काम कोणी करायचं? बायकोनं — दुसरं कोण करणार? माझी बोटं ही अशी, पंचवीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर गेलेली, धरलं की फूल फाटायचं. चांगुणाचा हात हलका. अगरबत्तीची काडी घ्यायची, आतला पडदा उचलायचा, अंगठ्यानं हळूच दाबायचं, की पुढचं फूल. पहाटे उमलतं, बाराच्या आत मिटतं — गेलं ते गेलं. मला म्हणायची, लग्न करून आले तेव्हा सून होते, आता माशी केलंत मला.

हा फोटो बघा — हो, तुमच्याच कागदावरचा. हिरव्या बांगड्यांचा हात. तो तिचा. तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही नवीन. गेल्या मार्चमध्ये तुमच्या जागी दिनानाथसाहेब होते, ते शेतकरी घेऊन यायचे होते — फुलं फळवताना बाई दिसली पाहिजे, म्हणाले, लोकांचा विश्वास बसतो. त्या सकाळी ती म्हणाली, छातीत भरून आलंय, हात जड झालाय, कुळगावला डॉक्टरकडे जाऊ या. मी म्हटलं, अकरापर्यंत कर, मग जाऊ. आजची फुलं गेली तर वर्ष गेलं. बसली. पाहुण्यांसमोर हसलीसुद्धा. फोटो काढून मंडळी चहाला वळली आणि ती तिथेच वेलीखाली — घ्या, चहा घ्या तुम्ही, निवतोय.

वर्ष गेलं म्हटलं ना मी? खोटं. एका घोसाला वीस फुलं येतात, त्यातली आठ-दहाच फळवायची, बाकीची आपणच खुडतो. महिनाभर रोज नवी उमलतात. एक सकाळ सोडली असती तर काही बिघडत नव्हतं. मला माहीत होतं. मला फक्त — चार गावची माणसं येणार होती, खरवईतली पहिली बाग यांची, असं म्हणणार होती.

मुलगी आमची, स्वप्नाली, उल्हासनगरला दिलीय. तिला सांगितलंय, आई ऐकेचना, मी शंभरदा म्हणत होतो चल. ती अजून आईवर रागावते. तसबिरीपुढे उभी राहून भांडते — इतकं काय होतं गं त्या फुलांत? मी बाजूला उभा असतो.

काय लिहिताय? खोडा ते. खोडा म्हणतो ना — थांबा, रिक्षा थांबली वाटतं. आज यायची होती ती. उठा तुम्ही, उठा, आणि तिनं काही विचारलं तर —

ये गं, ये. कोणी नाही, कंपनीचे साहेब आहेत. निघालेच होते.